अढळपद

केंद्र सरकारच्या नोकरीत शिरल्यापासून आम्ही जितके नमुने भरले, तितक्या कविता लिहिल्या असत्या तर आज आमचे नाव मराठी सारस्वतात कोठे तरी, निदान तळटीपेत, झळकले असते. पण कवितेला स्फूर्ती लागते आणि नमुन्याला केवळ शाई लागते; आमच्या वाट्यास शाईच आली. या प्रत्येक नमुन्यात दोन रकाने शेजारी शेजारी नांदत असतात. पहिला 'सध्याचा पत्ता' आणि दुसरा 'कायमचा पत्ता'. पहिल्या रकान्यात आम्ही आजवर गुवाहाटी लिहिले, जबलपूर लिहिले, आणि आता दिल्ली लिहितो. दुसऱ्या रकान्यात मात्र आमची लेखणी न अडखळता, एका दमात, सातारा जिल्ह्यातील आमच्या गावाचे नाव लिहून मोकळी होते. पहिला रकाना हा बदलीच्या हुकमांचा आणि दुसरा हा आमचा, अशी आमची समजूत होती.

या समजुतीला पहिला धक्का बसला तो एखाद्या तत्त्वज्ञाच्या ग्रंथामुळे नव्हे. तो बसला पायथॉन नावाच्या एका संगणकभाषेमुळे. वाचक हसतील, पण कारकुनाला शहाणपण कोठून मिळावे हे त्याच्या हाती थोडेच असते?

या भाषेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. नेदरलंड्सच्या गीदो व्हान रॉसम या गृहस्थांनी ती १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवली. नावावरून अजगराची आठवण होते खरी. पण तिच्या जनकाने ते नाव घेतले ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील 'मॉन्टी पायथॉन' या विनोदी कार्यक्रमावरून. विनोदातून जन्मलेली ही भाषा आम्ही गंभीरपणे शिकलो, त्याचे श्रेय महागाईभत्त्यास द्यावयास हवे.

महागाईभत्ता ही काय चीज आहे हे या मासिकाच्या वाचकांस सांगणे म्हणजे पंढरीच्या वारकऱ्यास विठ्ठल दाखविणे होय. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांपासून, त्याचा दर बदलतो. हुकूम मात्र दोन-तीन महिन्यांनी येतो, आणि मग मागील थकबाकीचे तक्ते करता करता आमच्या शाखेचे डोळे पांढरे होतात. गणित घेऊन बी. एस्सी. झालेला शाखेत आमच्याशिवाय दुसरा कोणी नसल्याने हे तक्ते आमच्या मेजावर येऊन पडत. तेव्हा मेट्रोच्या प्रवासात, उभ्याउभ्या, आम्ही पायथॉनचे धडे गिरविले आणि हिशेबाचे काही छोटे कार्यक्रम रचले. एक मासिक वेतनाचा, एक थकबाकीचा, एक निवृत्तांच्या देण्यांचा, अशी त्यांची वेगवेगळी प्रकरणे होती. अशा प्रत्येक प्रकरणाला त्या भाषेत 'मॉड्यूल' म्हणतात.

पहिल्या खेपेस आम्ही नवशिक्याचे पाप केले. त्या वेळी, म्हणजे १ जुलै २०२३ पासून, भत्त्याचा दर शेकडा ४६ होता. आम्ही जेथे जेथे गरज पडली तेथे तेथे ४६ हा आकडा उघडाबोडका लिहून ठेवला. त्याची एकंदर सहा ठिकाणे झाली. मग एके दिवशी केवळ प्रयोग म्हणून 'जेथे ४६ असेल तेथे ५० करावे' अशी एकच आज्ञा संगणकास दिली. संगणकाने ती इमानाने पाळली. इतकी की, तक्त्याच्या माथ्यावर छापला जाणारा आमच्या शाखेचा खोली क्रमांक ४६ हादेखील ५० झाला! त्या दिवशी आम्हांस कळले की, आकड्याला नाव नसेल तर तो कोणाचा कोण हे कोणीच सांगू शकत नाही. एकच ४६, पण एक भत्त्याचा आणि एक खोलीचा.

तेव्हा आम्ही 'दर' नावाचे एक निराळे मॉड्यूल केले आणि सर्व न बदलणारे आकडे तेथे आणून बसविले. प्रत्येकास नाव दिले. पायथॉनमध्ये देवनागरीतही नावे ठेवता येतात हे कळल्यावर आमचा स्वभाषाभिमान उफाळून आला. पण एक अडचण निघाली. रोमन लिपीत अक्षरे दोन प्रकारची, थोरली आणि धाकटी. स्थिरांकाचे नाव सगळे थोरल्या अक्षरांत लिहावे, शब्दांमध्ये अधोरेघ द्यावी, असा त्या भाषेचा शिष्टाचार आहे. २००१ साली लिहिल्या गेलेल्या तिच्या लेखनसंहितेत तो नमूद आहे. आपल्या देवनागरीत मात्र सर्व अक्षरे एका उंचीची. थोरले-धाकटे हा भेदच आपल्या लिपीस ठाऊक नाही. मग स्थिरांक ओळखावा कसा? आम्ही युक्ती काढली. प्रत्येक स्थिरांकाच्या नावामागे 'ध्रुव' हे उपपद लावले. ध्रुव_महागाई, ध्रुव_रजादिवस, ध्रुव_सूचकांक. बापाच्या मांडीवरून उठविल्या गेलेल्या त्या पोराला अढळपद मिळाले. आमच्या आकड्यांना का मिळू नये? पुढे शेजारच्या मेजावरील तमिळ सहकाऱ्याने, आपल्या यंत्रावर हे टंकावयाचे कसे, असा रास्त प्रश्न विचारला आणि नावे पुन्हा रोमन झाली. पण आमच्या मनात ती ध्रुवच राहिली.

हे अढळपद किती अढळ असते? येथेच या भाषेचा खट्याळपणा दिसतो. पायथॉनमध्ये खरा स्थिरांक नाहीच. थोरल्या अक्षरांतले नाव ही केवळ पाटी आहे. पाटीमागे पहारेकरी नाही. तिच्या गणिताच्या मॉड्यूलमध्ये वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले ते सुप्रसिद्ध गुणोत्तर ठेवलेले आहे. ते काढून कोणी तेथे नुसते ३ लिहिले, तरी पायथॉन हूं की चूं करीत नाही. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत तर 'सत्य' या नावाला 'असत्य' हे मूल्य देता येत असे. २००८ साली तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा कोठे तो मार्ग बंद झाला. २०१९ पासून, म्हणजे ३.८ या आवृत्तीपासून, एखाद्या नावापुढे 'फायनल' अशी खूण करता येते. पण ती वाचून दटावणारे तपासनीस निराळे असतात, आणि त्यांना बोलावले तरच ते येतात. कार्यक्रम चालावयाचा तो चालतोच. सारी भिस्त सज्जनांच्या सज्जनपणावर. आमच्या कचेरीतील 'पान-तंबाखू खाऊन थुंकू नये' या पाटीची येथे आठवण व्हावी.

आता या स्थिरांकांचा इतर मॉड्यूलांनी लाभ घ्यावा कसा? रीती दोन आहेत, आणि कारकुनास त्या जन्मजात ठाऊक असावयास हव्यात. एक रीत म्हणजे संपूर्ण 'दर' मॉड्यूल मागवावे आणि गरज पडेल तेव्हा 'दर.महागाई' असे म्हणून त्याचे पान उघडून पाहावे. दुसरी रीत म्हणजे 'दर'मधून 'महागाई' एवढेच नाव उचलून आपल्या घरी आणावे. पहिली रीत म्हणजे दर वेळी अभिलेख-कक्षात जाऊन मूळ नोंदवही पाहणे, आणि दुसरी म्हणजे एकदा जाऊन आपल्या टिपणवहीत उतरवून घेणे. मूळ नोंदवही एकच असते. एखादे मॉड्यूल कितीही ठिकाणांहून मागविले तरी पायथॉन ते एका वेळच्या चालण्यात एकदाच वाचते व सर्वांना तेच दाखविते. पण टिपणवह्या ज्याच्या त्याच्या असतात. मूळ वहीतील आकडा कोणी खोडून नवा लिहिला तर टिपणवहीला त्याची वार्ताही नसते.

हे सर्व आम्ही पुस्तकात वाचले होते, आणि वाचून विसरलोही होतो. मार्च २०२४ मध्ये नवा दर जाहीर झाला. १ जानेवारी २०२४ पासून शेकडा ५०. साहेबांस कार्यक्रम चालवून निरनिराळे दर घालून पाहण्याची हौस. म्हणून आम्ही आरंभीच 'नवा दर असल्यास लिहावा' असा प्रश्न विचारण्याची सोय केली होती. दिलेला आकडा 'दर' मॉड्यूलमध्ये जाऊन बसे. वेतनाचे मॉड्यूल पहिल्या रीतीचे होते. त्याने ५० हा दर धरला. निवृत्तांच्या देण्यांचे मॉड्यूल मात्र, दर वेळी 'दर' लिहिण्याचा आम्हांस कंटाळा आल्यामुळे, दुसऱ्या रीतीने लिहिलेले होते. कार्यक्रम सुरू होताच त्याने ४६ आपल्या वहीत टिपून घेतले. प्रश्न त्यानंतर विचारला गेला. आम्ही पहिला तक्ता पाहिला, ५० दिसले, संतोष पावलो, आणि उरलेले कागद न पाहताच सहीसाठी वर पाठविले.

त्या महिन्याअखेर, ३० एप्रिल रोजी, आमच्या शाखेतील 'बडे बाबू' निवृत्त व्हावयाचे होते. पौडी गढवालकडचे हे गृहस्थ. आम्ही मराठी म्हणून आम्हांस 'भाऊ' म्हणावयाचे. त्यांना मराठीतला तेवढा एकच शब्द येत असे, पण तो ते मनापासून उच्चारीत. तेहेतीस वर्षांहून अधिक काळ नोकरी झालेली, मूळ वेतन ४९,००० रुपये. एके दुपारी ते आमच्या मेजाशी येऊन उभे राहिले. हातात आमचा तक्ता आणि एक पिवळा लखोटा. लखोट्याच्या पाठीवर पेन्सिलीने केलेला हिशेब.

"भाऊ," ते हलक्या आवाजात म्हणाले, "यंत्र चुकत नाही म्हणतात. तेव्हा चूक माझीच असणार. पण ती कोठे आहे तेवढी मला दाखवा. दोन रात्री मला सापडत नाही."

आम्ही लखोटा पाहिला. ४६ टक्क्यांनी भत्ता २२,५४० रुपये. ५० टक्क्यांनी २४,५००. फरक १,९६० रुपयांचा. तीनशे दिवसांच्या शिल्लक रजेचे रोखीकरण म्हणजे दहा महिन्यांचा पगार व भत्ता. तेथे १९,६०० रुपये कमी. उपदान साडेसोळा महिन्यांचे. तेथे ३२,३४० रुपये कमी. एकूण ५१,९४० रुपये. म्हाताऱ्याची पेन्सिल एका पैशानेही चुकली नव्हती.

आमचे कान तापले. पण खरी शरम वाटली ती पुढचे ऐकून. त्या दोन रात्री बडे बाबूंनी यंत्रावर किंवा आमच्यावर संशय घेतला नव्हता. स्वतःवर घेतला होता. आपणांस पूर्वी कधी जास्त वेतन दिले गेले असेल आणि त्याची वसुली झाली असेल, अशा भयाने त्यांनी जुनी पेटी उघडून वीस-वीस वर्षांपूर्वीच्या पगारचिठ्ठ्या एकेक करून तपासल्या होत्या. तेहेतीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाला, नोकरीच्या शेवटच्या महिन्यात, आमच्या एका आळसाच्या ओळीने आपल्याच प्रामाणिकपणाचा पुरावा शोधावयास लावले होते.

ती ओळ आम्हांस संध्याकाळी सातला सापडली. कागद गुपचूप बदलणे अशक्य नव्हते, पण साहेबांची सही झालेली होती आणि त्या महिन्यातील आणखी दोघांचे तक्तेही त्याच मॉड्यूलमधून निघाले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांपुढे जाऊन चूक कबूल केली आणि तिन्ही कागद परत मागितले. साहेब फारसे बोलले नाहीत; एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी शेवटचा कागदही पाहत जा." बडे बाबूंना नवा तक्ता दिला तेव्हा त्यांनी तो पुन्हा लखोट्यावर ताडून पाहिला. पाहावयासच हवा होता. मग त्यांनी लखोट्याची घडी करून खिशात ठेवली आणि आम्हांस चहा पाजला.

त्यानंतर आम्ही सारी रचना नव्याने केली. 'दर' मॉड्यूल स्वतः कोणाकडूनही काही मागविणार नाही, असा पहिला नियम. कारण देणाराच जर घेणाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला तर दोघेही खोळंबतात. दोन शाखांच्या फायली एकमेकींच्या अभिप्रायासाठी थांबाव्यात तशी गत होते. दुसरा नियम हा की, जेथे यादी लागेल तेथे ती मोकळी न ठेवता 'ट्युपल' करावी. ट्युपल एकदा बांधले की त्यात कोणास भर घालता येत नाही वा काही काढता येत नाही. आणि कार्यक्रम चालू असताना 'दर'मध्ये कोणी काही लिहावयाचे नाही, साहेबांनीसुद्धा नाही, हा तिसरा.

पण या नियमांहून मोठी गोष्ट उमगली ती निराळीच. महागाईचा दर हा स्थिरांक नव्हताच! सहा सहा महिन्यांनी हालणाऱ्या वस्तूला आम्ही ध्रुव म्हणून बसविले होते. निवृत्त होणाऱ्यास आजचा दर लागत नसतो. त्याच्या निवृत्तीच्या दिवशीचा लागतो. तेव्हा एका आकड्याऐवजी आम्ही तारीख आणि दर यांच्या जोड्या लिहिल्या. १ जुलै २०२३ पासून ४६. १ जानेवारी २०२४ पासून ५०. पुढे १ जुलै २०२४ पासून ५३. १ जानेवारी २०२५ पासून ५५. या जोड्या मात्र खरोखर अढळ आहेत. नवा हुकूम आला की खाली एक जोडी वाढते, वरची कोणतीही पुसावी लागत नाही. 'दर काय?' असे आता आमचा कार्यक्रम विचारीतच नाही. 'अमुक दिवशी दर काय होता?' असे विचारतो.

दराच्या सूत्रात २६१.४२ हा एक आकडा आहे. सातव्या वेतन आयोगाच्या वेतनासाठी धरलेला तो मूळ निर्देशांक. त्याला आम्ही ध्रुवपदी ठेवला खरा. पण जानेवारी २०२५ मध्ये आठव्या आयोगाला मंजुरी मिळाली, आणि आयोग बदलला की तोही खाली उतरणार. आकाशातला ध्रुव तरी कोठे तसा आहे? पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो, आणि आणखी बारा हजार वर्षांनी ध्रुवाच्या जागेजवळ अभिजित असणार. अढळपद हे पद आहे. त्यावर बसणारा बदलतो.

एवढे तत्त्वज्ञान पदरी असूनही आम्ही फसलो ते फसलोच. २०२४ च्या दिवाळीत स्वग्राम-सवलतीवर सहकुटुंब गावी निघालो. साताऱ्याहून एस. टी. पकडली. गाव आले तसे आम्ही दिमाखाने वाहकास म्हणालो, "पाराजवळ उतरवा." तो म्हणाला, "पाराजवळ गाडी थांबत नाही." आम्ही त्यास गावाचा भूगोल समजावून दिला. आमचे लहानपण त्या पारावर गेलेले! त्याने निमूटपणे गाडी थांबवून आम्हांस उतरविले. पार होता, पण त्यावर चिटपाखरू नव्हते. थोरले बंधू दुचाकी आणि एक रिक्षा घेऊन बाह्यवळणावरच्या नव्या थांब्यापाशी वाट पाहत होते. ते अर्ध्या तासाने शोधत आले.

"अरं, हितं कुठं उतरलास?" दादा म्हणाले. "यष्टी हितं थांबायची बंद हून चार वर्सं झाली की! फोनवर इचारायचं तर."

सौ. महिनाभर आमच्या तोंडून मूळ वही आणि टिपणवही यांचे पुराण ऐकत आली होती. ती पदर सावरीत शांतपणे म्हणाली, "अहो, तुमच्या वहीतला आकडा जुना निघाला वाटतं."

आम्ही निरुत्तर झालो. नोकरीस निघालो त्या दिवशी आम्ही गावातून एक नाव उचलून आपल्या वहीत उतरविले, आणि गुवाहाटीस, जबलपुरास, दिल्लीस तीच वही उघडून पाहत राहिलो. आमचे गाव त्या दिवसापाशी थांबलेले होते. गाव मात्र आपल्या वाटेने चालले होते. घराच्या पडवीवर दादांनी स्लॅब टाकलेला. आई ज्या कोपऱ्यात चूल मांडीत असे तेथे पाण्याची टाकी. गावच्या पोरांशी बोलताना आमची मराठीसुद्धा त्यांना किंचित जुन्या आवृत्तीची वाटली. ती हसली नाहीत, पण एकमेकांकडे पाहिले. परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्यांपैकी किती जणांच्या वह्यांत अशी गावे टिपून ठेवलेली असतील!

दिल्लीस परतल्यावर तमिळ सहकारी म्हणाला की, मुलांच्या सोयीसाठी स्वग्राम म्हणून दुसरे ठिकाण नोंदवून टाका. साऱ्या नोकरीत एकदाच तशी मुभा मिळते. सौ.लाही ते पटण्यासारखे होते. आम्ही आठ दिवस विचार केला आणि नोंद आहे तशीच ठेवली. सेवापुस्तकातील त्या रकान्यात आजही सातारा जिल्ह्यातील तेच गाव आहे.

मात्र आता निघण्यापूर्वी आम्ही दादांना फोन करतो आणि एस. टी. कोठे थांबते ते विचारून घेतो.